शांतता फक्त पेपरापुरती नको

शांततेच्या शिक्षणाचा विषय काढला की विद्यापीठातली मुलं-मुली विरोध करत नाहीत, वैतागतात. त्यांच्या लेखी तो आणखी एक सक्तीचा पेपर, वीस मार्कांची असाइनमेंट. त्यांचं चुकतं असं नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शालेय शिक्षणात शांततेचा विचार सगळ्याच विषयांत मुरावा, असं सुचवलं होतं. जामिया मिल्लिया इस्लामियात शांतता आणि संघर्ष निवारणासाठी नेल्सन मंडेला केंद्र आहे. पण तिथे पोहोचतो तो मुळात या विषयाची ओढ असलेलाच.

मी इंजिनिअरिंग केलं. कोडमधली चूक शोधायला शिकलो. पण भाड्याची खोली बघायला गेलो असताना माझं आडनाव ऐकून घरमालकाने नकार दिला, तेव्हा सोबतचे मित्र खाली बघत राहिले. ते वाईट नव्हते; अशा वेळी काय बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

गप्प बसणं म्हणजे शांतता नव्हे. प्रत्येक शाखेत मतभेद उघडपणे मांडायला, ऐकून घ्यायला आणि अन्यायाला शांतपणे नाही म्हणायला शिकवणारा तास हवा. त्याला मार्क नसले तरी चालतील.