कार्ड हातात, सातबारा कुठे?
गुरुकुंज मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. विनोबांच्या भूदान चळवळीतही ते उतरले. आता वऱ्हाडातली जमीन वेगळ्याच परिषदांमध्ये चर्चेला येते. नागपूरच्या ‘ॲडव्हान्टेज विदर्भ’सारख्या मेळाव्यात वऱ्हाडानं सांगावं असं बरंच आहे: अमरावतीजवळचा १००० एकरांचा पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्क, एप्रिल २०२५ पासूनची अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरची विमानसेवा. खरी गंमत चहाच्या टेबलावर. दुबईत स्थिरावलेला एखादा अमरावतीकर कार्ड पुढे करतो, “हायवेला लागून दहा एकर बघा ना!” पण परकीय चलनाच्या फेमा कायद्यानं अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आली तर ठेवता येते. विदर्भाचा १९५८ चा कूळकायदाही बिगरशेतकऱ्याला सहजासहजी ती घेऊ देत नाही. मग कुणीतरी हळूच गावातल्या चुलतभावाच्या नावावर जमीन घ्यायचं सुचवतं. अशा भागीदारीतून बंगला कमी, कोर्टाच्या तारखाच जास्त निघतात! जाणकार माणूस हस्तांदोलन झालं की आधी सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलंय का ते पाहतो. तसं असेल, तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही.