सूड बायकांचा, सातबारा कुणाचा?

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जातेच, मुळशी धरण उशाला असलं तरी. परवा ऐन मालिकेच्या वेळी गेली, आणि टीव्हीसमोरच्या आत्याबाई नातीच्या मोबाईलसमोर येऊन बसल्या. लेक बघत होती ‘पेंटहाऊस’ ही कोरियन मालिका (2020-21), हिंदीत बोलणारी. संस्थेच्या वारशाच्या कागदांवरून बापलेकीची झटापट होते, बाप जिन्यावरून कोसळतो, आणि ही बाई त्याला तसाच टाकून जाते आणि पियानो वाजवत बसते! मला वाटलं, आत्याबाई देवाचं नाव घेतील. त्या म्हणाल्या, “कागद नेले का पन तिनं?”

मैत्रिणींनो, मी हसले खरी, पण तो प्रश्न मनातून जाईना.

2002 साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ‘चार दिवस सासूचे’ जोरात होती. रोहिणी हट्टंगडींची आशा देशमुख बघत आम्ही सासू-सुनांनी किती मेथी निवडली असेल! ती मालिका 2001 ते 2013 अशी अकरा वर्षांवर चालली, तीन हजारांवर भाग झाले. पुढे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आली, ‘आई कुठे काय करते’ आली. वाईट त्यातही बहुतेक बाईच. कोरियात अशा भडक कौटुंबिक मालिकांना ‘माकजांग’ म्हणतात. माकजांग म्हणजे कोळशाच्या खाणीचं शेवटचं टोक. 2009 साली तिथल्या सरकारी कोळसा कंपनीच्या प्रमुखांनी तक्रारही केली होती, की आमचे कामगार जिथे घाम गाळतात त्या जागेचं नाव असल्या मालिकांना देऊ नका. त्यातलीच 2008 ची ‘टेम्प्टेशन ऑफ वाइफ’. नवऱ्याने बुडायला सोडलेली बायको वाचते, डोळ्याखाली एक तीळ काढते आणि सूड घ्यायला परत येते. त्या तिळामुळे तिला कुणी ओळखत नाही! आपल्याकडे नवी टिकली लावली तरी चार बायका विचारतात.

थट्टा सोडा. कोरियात ‘होजू’ नावाची पद्धत होती. घराचा कायदेशीर प्रमुख पुरुष, त्याच्यामागे मुलगा, आणि लेक लग्न झालं की नवऱ्याच्या नोंदीत. 2005 साली तिथल्या घटना न्यायालयाने ती चुकीची ठरवली आणि 2008 पासून ती गेली. आपल्याकडेही 2005 सालीच हिंदू वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. महाराष्ट्राने 1994 सालीच तसा बदल केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. केंद्राच्या कायद्याने त्याही आत आल्या. वडील 2005 साली हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. फक्त 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मोडत नाहीत.

मालिकांवर माझा राग सूड दाखवतात म्हणून नाही. त्यात बाई बाईच्या दुधात काहीतरी कालवते, आणि आपण तिला शिव्या घालतो. आमच्या मुळशीत कोण कुणाच्या दुधात काय कालवतंय? हिंजवडीत आयटी पार्क आलं, जमिनीला सोन्याचा भाव आला, ‘मुळशी पॅटर्न’ (2018) तर सगळ्यांनी पाहिला. इथली लढाई हक्कसोडपत्रावर होते आणि ती फार गोड असते. जीप दारात येते, बहिणी हसतखेळत निबंधकाच्या कचेरीत जातात, सह्या-अंगठे होतात, वाटेत मिसळ खातात, साडी घेऊन परततात. गटाच्या बैठकीत मी विचारलं, सही करताना कागद कुणी वाचला? सतरा जणींत एकीनेही नाही. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढंच प्रत्येकीला माहीत होतं.

मीसुद्धा वाचला नव्हता. बी.ए. झालेली बाई मी! 2008 साली दिवाळीत भावाने बोट ठेवलं तिथे सही केली. साडी मोरपंखी होती. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मोडायचं तर फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलीच नव्हती, मग काय सिद्ध करणार?

पण आता गोष्ट उलटी आहे. सासऱ्यांच्या नावच्या रस्त्यालगतच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय. सासऱ्यांमागे वाटणी कधी झालीच नाही. आक्कांचं, म्हणजे माझ्या नणंदेचं लग्न 1990 चं. हे म्हणाले, “आक्काला बोलवून घेऊ, सही घेऊ. तू एक चांगलीशी साडी आण.” त्यांच्या तोंडी काही कपट नव्हतं, माझ्या भावाच्याही नव्हतं. आणि खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात आलं, सही झाली तर लेकीच्या इंजिनिअरिंगची सोय होईल. त्या क्षणी मालिकेतली खलनायिका मीच होते, फक्त मागे संगीत वाजत नव्हतं.

रात्री ह्यांना म्हटलं, आक्कांचा हिस्सा किती, तो आधी सांगू, मग त्यांना काय करायचं ते करू देत. हे दोन दिवस बोलले नाहीत. आत्याबाई मात्र जेवताना म्हणाल्या, “माझा बी हिस्सा हाय का त्यात?” आहे ना. नवऱ्यामागे बायकोचा असतोच. त्यांना ऐंशीव्या वर्षी कळलं.

आक्का रविवारी येणार आहेत. साडी आणलेली नाही. सातबाऱ्याची नक्कल काढून ठेवली आहे, आणि त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून लेकीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं आहे.