अंतरपाट पुन्हा धरा!

गेल्या मार्गशीर्षात अलिबागजवळच्या एका गावी पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. कार्यालय म्हणावे असे तिथे काही नव्हते. समुद्राला लागून नारळी-पोफळीची वाडी, उतरायला चार खोल्या, झाडांवर दिव्यांच्या माळा आणि वाडीचे फाटक उघडले की समोर पुळण. वऱ्हाड खूष होते. निम्मी मंडळी मुंबईहून रो-रो बोटीने गाड्यांसकट मांडव्याला उतरली होती. २०२० साली ही बोट सुरू झाल्यापासून अलिबाग मुंबईकरांना अंगणाइतके जवळ वाटू लागले आहे. भारी पोशाखाचा आग्रह नाही, असे पत्रिकेतच छापले होते. त्यामुळे बायका सुती साड्यांत होत्या आणि पुरुषांनी बूट वाडीतच काढून ठेवले होते. मोकळ्या हवेत, साधेपणाने लग्न करायचे ही कल्पना मलाही आवडली होती.

सकाळी अकराच्या सुमारास ओहोटी होती. फोटोत मागे समुद्रच दिसला पाहिजे, म्हणून फोटोग्राफरच्या सांगण्यावरून मांडव आणि खुर्च्या पुळणीवर बऱ्याच पुढे नेल्या गेल्या. शेजारी होडीची डागडुजी करत बसलेला एक म्हातारा कोळी म्हणाला, ''आज सप्तमी. सव्वापाचला पाणी तुमच्या खुर्च्यांत येल.'' कोणी लक्ष दिले नाही. त्याचा हिशेब साधा होता. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. सातची पाऊणपट सव्वापाच. ज्या पंचांगातून मुहूर्त काढला, त्याच पंचांगात भरतीही लिहिलेली होती. पण ती वाचणारा माणूस आमंत्रितांत नव्हता. पाच वाजून गेल्यावर पुढच्या दोन रांगांतले पाहुणे पाय वर घेऊन बसले.

त्या होडीवरूनही दुपारी थोडी बोलाचाली झाली होती. ती चौकटीत येत होती. जरा बाजूला घ्याल का, असे फोटोग्राफरच्या मदतनिसाने विचारताच म्हातारा शांतपणे म्हणाला, ''आमची होडी तुमच्या फोटोत आली, का तुमचा फोटो आमच्या होडीत आला, भाऊ?'' सगळे हसले. मीही हसलो. नंतर मात्र ते वाक्य मनातून गेले नाही.

गोरज मुहूर्त होता. मंगलाष्टके झाली, 'शुभमंगल सावधान' झाले, अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या. वाजंत्री सुरू होते न होते तोच फोटोग्राफरने हात वर केला. ड्रोनची बॅटरी नेमकी त्या क्षणी संपली होती आणि वधूवरांचे चेहरे काळे आले होते. ''गुरुजी, प्लीज, अंतरपाट पुन्हा धरा ना. दोनच मिनिटं.'' गुरुजी म्हणाले, ''एकदा दूर केलेला अंतरपाट पुन्हा धरत नाहीत.'' मग मुलीचे वडील गुरुजींच्या कानाशी लागले, मुलाचा भाऊही लागला. अंतरपाट पुन्हा धरला गेला. शेवटचे मंगलाष्टक पुन्हा म्हटले गेले. पाहुण्यांनी पुन्हा हात उचलले. माझ्या शेजारी आमची ब्याऐंशी वर्षांची आत्या होती. तिने मूठ उघडून मला दाखवली. ''माझ्या अक्षता संपल्या रे. मी खऱ्या टाकल्या मघाशी.''

या प्रसंगाचा सगळा राग त्या फोटोग्राफरवर काढणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. संध्याकाळच्या समुद्रावर लग्नाचे फोटो काढणे हे किती अवघड काम आहे, ते मी त्या दिवशी पाहिले. आपला किनारा पश्चिमेचा. सूर्य समुद्रात मावळतो. मागे समुद्र हवा असेल तर सूर्य वधूवरांच्या पाठीशी येतो आणि चेहरे अंधारतात. चेहरे उजळावेत म्हणून त्यांना सूर्याकडे तोंड करून उभे केले, तर डोळे बारीक होतात आणि मागे समुद्राऐवजी वाडी येते. सूर्य हातभर वर असतानाचा तांबूस, मवाळ प्रकाश जेमतेम अर्धा तास टिकतो. त्यात वारा अंतरपाट शिडासारखा फुगवतो, मुंडावळ्या तोंडावर येतात, माइकमध्ये मंगलाष्टकांपेक्षा वाऱ्याचा घोंगावच जास्त भरतो. लेन्सवर खारे तुषार, कॅमेऱ्याच्या सांध्यात वाळू.

गंमत अशी की, गाई रानातून परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ गोरज. म्हणजे तोच तिरपा, तांबूस प्रकाश! आपल्या पूर्वजांनी निवडलेली वेळ आणि आजच्या कॅमेऱ्याला हवी असलेली वेळ यांत फारसे अंतर नाही. वीस मिनिटांचे असेल. पण अलिबागेला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मेअखेरीस सात वाजून गेल्यावर. त्या वीस मिनिटांचा विचार पत्रिका छापण्यापूर्वी झाला नाही, तर तो ऐन मांडवात करावा लागतो. आणि मांडवात ज्याचा आवाज मोठा, त्याचे चालते.

हा आवाज फोटोग्राफरकडे कसा आला? १९८८ साली तालुक्याच्या गावी बँकेत असताना मी एका फोटोग्राफरचे कर्ज मंजूर केले होते. कॅमेरा आणि फ्लॅश घ्यायचा होता. त्याने अर्जासोबत एका लग्नाचा हिशेब दिला होता : छत्तीस फोटोंचे तीन रोल, धुलाई, छपाई, अल्बम. छत्तीस त्रिक एकशे आठ. जपमाळेच्या मण्यांइतके फोटो, आणि एक मणी वाया गेला तर तोटा त्याचा. म्हणून तो कोपऱ्यात उभा राहून वाट पाहायचा. अंतरपाटाला एक फोटो, फार तर दोन. हुकला तर हुकला. घरच्यांनाही त्यात काही विशेष वाटत नसे. लग्न झाले होते, ते गावाने पाहिले होते.

परवाच्या लग्नात पाच जण होते : दोन फोटोला, दोन व्हिडिओला, एक ड्रोनला. मुख्य फोटोग्राफर तिशीतला, शिकलेला, अतिशय नम्र मुलगा. एका लग्नातून पाच-सहा हजार फोटो घेऊन येतो, असे तो म्हणाला. एकेका फोटोची किंमत शून्य झाली आणि त्याबरोबर कोपऱ्यात थांबण्याची गरजही संपली. पण त्याचा धंदा स्वस्त झालेला नाही. कॅमेरे आणि लेन्स हप्त्यांवर, फोटो निवडण्यात आठवडे जातात, बिलाची शेवटची रक्कम अल्बम दिल्यावर, आणि आषाढी ते कार्तिकीपर्यंत हंगाम जवळजवळ बंद. ''काका, सूर्यास्ताचा फोटो नाही आला तर उरलेले पैसे येत नाहीत,'' तो म्हणाला. मुलीनेच त्याला आधी गोव्याच्या एका लग्नाचे फोटो दाखवले होते आणि 'असेच हवेत' म्हणून सांगितले होते. म्हणजे अंतरपाट पुन्हा धरण्याची मागणी त्याच्या तोंडून आली, पण ती आमच्याच घरातली होती.

हे एका घरापुरते राहिलेले नाही. परदेशी जाऊन लग्ने करण्याऐवजी ती देशातच करा, असे आवाहन पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'मन की बात'मध्ये केले आणि डिसेंबरात देहरादूनच्या गुंतवणूकदारांच्या परिषदेत 'वेड इन इंडिया' ही घोषणाच दिली. कोकणात आणि गोव्यात याचा अर्थ समुद्रकिनारा. त्यातून वाडीवाल्यांना, आचाऱ्यांना, मांडववाल्यांना, फुलवाल्यांना काम मिळते. चार पैसे गावात राहतात. त्याला नाक मुरडणे मुंबई-पुण्यात बसलेल्या माणसाला शोभत नाही.

परंतु किनारा हे कार्यालयाचे सभागृह नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून आणि तिच्या जागी आलेल्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनुसार भरतीरेषेलगतच्या बांधकामावर निर्बंध आहेत. वाडीत पक्क्या सभागृहाऐवजी मांडव, खुर्च्या आणि माळा असतात, याचे हेही एक कारण. जो साधेपणा आपल्याला भावतो, त्यातला काही भाग कायद्याने घालून दिलेला आहे! आणि फाटकाबाहेरची पुळण तर वाडीवाल्याच्याही मालकीची नाही. बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व सांगितले. समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, वने ही सर्व जनतेसाठी आहेत आणि सरकार त्यांचे केवळ विश्वस्त आहे. म्हाताऱ्या कोळ्याने हेच एका वाक्यात सांगितले होते.

ड्रोनचेही तसेच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे वैमानिकाचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि विमानतळ, नौदलाचे तळ यांच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही. तो कोणाच्या डोक्यावरून जातो, मासळी वाळत घालणाऱ्या बायकांना तो चालेल का, हे विचारण्याचे सौजन्य मात्र कुठल्या नियमात लिहिलेले नाही. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा नियम २००० सालापासून आहे, दिव्यांचे काय? वेळास, मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूतून बाहेर आलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, आणि काळोख्या रात्री समुद्राचा मंद उजेडच त्यांची वाट असते. किनाऱ्यावर झगझगीत दिवे लावले की ती वाट चुकतात. विणीचा आणि लग्नसराईचा हंगाम एकच.

मूळ प्रश्न मात्र अक्षतांचाच आहे. हिंदू विवाह कायद्याने (१९५५) सप्तपदीला महत्त्व दिले. जिथे सप्तपदीचा विधी असतो, तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह होत नाही, आणि लग्न म्हणजे केवळ नाचगाणे व खाणेपिणे नव्हे. सातवे पाऊल एकदाच पडते, आणि ते पाहायला माणसे बोलावलेली असतात. आमंत्रित म्हणजे साक्षीदार. त्यांनाच 'पुन्हा एकदा टाका' म्हटले की ते सिनेमातल्या गर्दीसारखे होतात. कॅमेऱ्यासाठी ते हात उचलतात, पण मुठीत काही नसते.

म्हणून ज्यांच्या घरी येत्या हंगामात समुद्रकाठी लग्न आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. मुहूर्त काढतानाच गुरुजी आणि फोटोग्राफर यांची गाठ घालून द्या. सूर्यास्ताची आणि भरतीची वेळ दोघांना सांगा. भरतीची वेळ गावातल्या कोळ्याला विचारा, आणि त्याला लग्नाला बोलवा. वधूवरांचे सूर्यास्ताचे फोटो विधीच्या आधी किंवा दुसऱ्या दिवशी निवांत काढून घ्या. 'विधी थांबवायचा नाही, पुन्हा करायचा नाही' हे करारात लिहा. मग एखादा फोटो हुकला तर त्या मुलाचे पैसेही अडवू नका. करार लेखीच असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते, आणि आपल्या मुलीचे लग्न कोणाच्या तरी जाहिरातीत दिसल्यावर धावपळ होते. पाहुण्यांचे आणि त्यांच्या मुलांचे फोटो जगभर पाठवण्यापूर्वी त्यांनाही एक शब्द विचारावा.

तीन महिन्यांनी अल्बम आला. फोटो अप्रतिम आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तांबडे आकाश, फुगलेला अंतरपाट, हवेत थबकलेल्या अक्षता. होडीही आहे एका कोपऱ्यात, आणि तिच्यामुळे तो फोटो अधिकच चांगला झाला आहे. अंतरपाटाचे सगळे फोटो दुसऱ्या वेळचे. पुतणीची नातवंडे उद्या हा अल्बम उघडतील तेव्हा त्यांना हेच खरे वाटेल, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

पहिल्या वेळचा एकही फोटो अल्बममध्ये नाही. तो क्षण ज्यांनी पाहिला त्यांच्यापाशी आहे, आणि त्यांतली बरीच माणसे सत्तरीच्या पुढची आहेत. अल्बम पाहून झाल्यावर आत्याने तो मिटला आणि पुतणीला जवळ बसवून घेतले. ''पहिल्यांदा अंतरपाट बाजूला झाला ना,'' ती म्हणाली, ''तेव्हा तू खाली बघत होतीस, आणि तो हसला होता. लक्षात ठेव. यात नाहीये ते.''