हृदयतपासणीची शिबिरे कोणाच्या हितासाठी?

मोफत हृदयतपासणीचे शिबिर भरवणे हा सर्वच पक्षांच्या कार्यकर्त्यांचा आवडता कार्यक्रम आहे. समाजवादी कार्यकर्तेही त्यास अपवाद नाहीत. अशा शिबिरात सोनोग्राफीने हृदयविकार आधीच ओळखून देण्याची तयारी एखाद्या खासगी रुग्णालयाने दाखवली, तर होकार देण्यापूर्वी थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या, सतत हलणाऱ्या आणि फासळ्या व फुफ्फुसांच्या आड दडलेल्या असतात. छातीवरून केलेल्या सोनोग्राफीत त्यांतील आरंभीची विकृती दिसत नाही. म्हणून संशोधक मानेतील धमनीकडे वळले. ती त्वचेलगत असते; आणि धमनीकाठिण्य हा साऱ्या शरीराचा विकार असल्याने तिच्यातील बिघाडावरून हृदयाच्या धमन्यांविषयीही काही अनुमान करता येते. या धमनीच्या भिंतीतील आतल्या दोन थरांची जाडी ध्वनिलहरींनी मोजता येते, हे १९८६ मध्ये इटलीतील संशोधकांनी दाखवून दिले. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही; विज्ञानाची ही कामगिरी निःसंशय मोलाची आहे.

परंतु मोजता येणे ही एक गोष्ट आणि मोजल्याने रोग्याचे भले होणे ही दुसरी. अमेरिकेतील टेक्सास राज्याने २००९ मध्ये कायदा करून ठरावीक वयोगटातील लोकांच्या अशा तपासणीचा खर्च विमा कंपन्यांवर टाकला. चारच वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच देशातील हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांनी जाडीचे हे मापन नित्य व्यवहारात करू नये, असा सल्ला दिला. वय, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरून धोक्याचा जो अंदाज येतो, त्यात या मापनाने फारशी भर पडत नाही. धमनीत मेदाचा साका स्पष्ट दिसला तर त्याला अधिक अर्थ असतो, हे खरे. पण ती तपासणी कोणाला हवी हे डॉक्टरने रोगी पाहून ठरवायचे असते, मांडवातील रांगेने नव्हे.

येथेच अर्थकारणाचा प्रश्न येतो. तपासणी मोफत असली, तरी तिच्यामुळे घाबरलेल्या माणसाचे पुढचे उपचार मोफत नसतात. अँजिओग्राफी, मग स्टेंट, मग कर्ज, अशी ही साखळी असते. स्टेंटच्या किमतींत किती नफा दडला होता, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली तेव्हा देशाला कळले. आणि सोनोग्राफीचे यंत्र बाजाराच्या हाती मोकळे सोडल्यास काय होते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. गर्भलिंगनिदानाविरुद्ध या राज्याला १९८८ मध्ये कायदा करावा लागला, तो चळवळीच्या रेट्यामुळे.

हृदयविकाराची पूर्वसूचना देणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे रक्तदाब मोजण्याचा पट्टा. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे काय, गोळ्या बारा महिने मिळतात काय, दर महिन्याला दाब मोजला जातो काय, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी गावोगाव विचारले पाहिजेत. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. ते पाळले गेले नाही. त्या वचनाचा हिशेब मागणारा मोर्चा शिबिराइतका लोकप्रिय होणार नाही. पण शिबिराचा मांडव संध्याकाळी उतरतो, आणि रक्तदाबाची गोळी रोग्याला रोज लागते.