मनोवृत्ती आधी की कृती आधी?

माणसाची बुद्धी आणि कौशल्ये जन्मतःच ठरून गेलेली नसतात, मेहनत, योग्य पद्धत आणि इतरांची मदत यांच्या बळावर ती वाढवता येतात, या धारणेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी ‘ग्रोथ माइंडसेट’ असे नाव दिले. मराठीत तिला वर्धिष्णू मनोवृत्ती म्हणता येईल. याउलट, जे आहे ते उपजत आहे आणि प्रत्येक परीक्षा म्हणजे त्या उपजत भांडवलाची मोजदाद आहे, असे मानणारी ती स्थिर मनोवृत्ती. २००६ साली ड्वेक यांचे ‘माइंडसेट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ही कल्पना संशोधनपत्रिकांतून बाहेर पडून शाळा, कंपन्या आणि व्यक्तिमत्त्वविकासाची शिबिरे यांत पसरली, आणि पसरताना तिची मूळची पथ्ये बरीचशी गळून पडली. आज तिचा जो अवतार सर्वत्र ऐकू येतो त्याचा आशय असा की, भीती आणि स्वतःविषयीची शंका ही स्थिर मनोवृत्तीची लक्षणे होत. मनोवृत्ती बदलली की भीती जाते आणि भीती गेली की काम आपोआप होते. प्रस्तुत लेखाचा पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करायचे ते प्रतिपादन, हेच आहे.

पूर्वपक्ष निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली आणि नंतर काहींच्या हुशारीची, तर काहींच्या मेहनतीची स्तुती केली; हुशारीची स्तुती झालेल्या मुलांचा ओढा सोप्या कामांकडे वळला, पुढे मुद्दाम अवघड कोडी देऊन अपयश पदरी पडू दिल्यावर त्यांची कामगिरी खालावली आणि आपले गुण इतरांना सांगताना त्यांच्यापैकी अनेकांनी ते वाढवून सांगितले. अपयशाचा अर्थ माणूस कसा लावतो यावर त्याचे पुढचे पाऊल अवलंबून असते, एवढे यातून निःसंशय दिसते. मात्र अर्थ लावणे बदलले म्हणजे भीती नाहीशी होते, हे या प्रयोगांनी सिद्ध केलेले नाही. ती भर नंतरच्या प्रचारकांची आहे.

खरा दोष आहे तो क्रमाचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सापांची तीव्र भीती असलेल्या माणसांवर जे उपचार करून पाहिले, त्यांत सर्वांत गुणकारी ठरली ती पद्धत अशी होती की, आधी उपचारकाने रुग्णासमोर साप हाताळून दाखवायचा, मग रुग्णाने त्याच्या सोबतीने थोडे थोडे पुढे सरकत स्वतः हात लावायचा, आणि जसजसे जमू लागेल तसतशी ही सोबत काढून घ्यायची. या व अशा कामातून बांडुरा यांनी १९७७ साली स्वक्षमताविश्वासाचा सिद्धान्त मांडला. स्वक्षमताविश्वास म्हणजे अमुक एक काम आपल्या हातून होईल असा त्या कामापुरता भरवसा. त्याचे चार उगम त्यांनी सांगितले: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणे, कोणीतरी दिलेला धीर, आणि शरीराच्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला उगम सर्वांत बळकट आहे आणि नुसत्या शब्दांचा धीर कच्चा आहे, कारण शब्दांवर उभा राहिलेला भरवसा पहिल्याच विपरीत अनुभवात ढासळतो. लोकप्रिय उपदेशाने नेमका हा कच्चा उगम मुख्य मानला आहे. भीती असतानाच, मात्र हाताला आधार देऊन, काम करवून घेतले तर भीती ओसरते. ती ओसरण्याची वाट पाहत बसणाऱ्याचे काम सुरूच होत नाही.

यावर एक आक्षेप मराठी वाचकाकडून येणे स्वाभाविक आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठीत चांगली परिचित आहे, आणि त्या पद्धतीत तर विचार बदलण्यालाच पहिले स्थान आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप अर्धाच खरा आहे. अविवेकी विचारांशी वाद घालणे हा या पद्धतीचा गाभा असला, तरी ज्या गोष्टीची भीती वाटते ती प्रत्यक्ष करण्याचा गृहपाठही एलिस रुग्णांना देत असत. खुद्द त्यांनी तरुणपणी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम धरून स्वतःची भीती घालवली होती. विचारांची झाडाझडती आणि कृतीचा सराव एकत्र चालतात. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा खोळंबून ठेवावा, असे एलिसही सांगत नाहीत.

पूर्वपक्षाचा दुसरा दोष असा की तो शंकेला सरसकट व्याधी समजतो. ज्या विद्यार्थ्याची त्रिकोणमिती कच्ची आहे त्याला कलनशास्त्राच्या परीक्षेची शंका वाटत असेल, तर ती शंका बरोबर आहे आणि तिच्यावरचा उपाय त्रिकोणमितीच आहे. शंकेत बहुधा दोन विधाने एकमेकांत गुंतलेली असतात: ‘हे आत्ता मला येत नाही’ हे पडताळून पाहता येण्याजोगे विधान, आणि ‘हे मला कधीच येणार नाही’ हे निव्वळ भाकीत. भाकिताला आव्हान द्यावे हे ठीकच, पण त्या भरात पहिल्या विधानालाही गप्प केले की जी माहिती सर्वांत उपयोगाची होती तीच हातची जाते. नुसत्या मेहनतीची स्तुती करून शिकण्यातील उणीव झाकण्याच्या अशाच प्रकाराविषयी ड्वेक यांनी स्वतः २०१५ साली इशारा दिला होता आणि प्रत्येक माणसात दोन्ही मनोवृत्तींचे मिश्रण असते हेही स्पष्ट केले होते. त्यांच्या नावाचा जप करणाऱ्यांनी तो इशारा फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला उभे असलेले टीकाकार ही सगळीच कल्पना पोकळ ठरवतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात निकालात काढता येते. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१८ साली झालेल्या परीक्षणात वर्धिष्णू मनोवृत्ती रुजवण्याच्या उपक्रमांचा सरासरी परिणाम क्षीण आढळला, हे खरे. त्याच्या पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांच्या अभ्यासातही, तासाभराहून कमी वेळाच्या उपक्रमाने मागे पडलेल्या मुलांच्या श्रेणीत सरासरी ०.१० गुणांचीच भर पडली. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की, जिथे सोबत्यांमध्ये अवघड कामाला हात घालण्याची रीत होती तिथे परिणाम टिकला. आणि २०२२ च्या पुढील विश्लेषणात, गणिताच्या शिक्षकाची स्वतःची धारणा वर्धिष्णू असेल तिथेच त्याच्या विद्यार्थ्यांना लाभ झाल्याचे आढळले. बीज एकच असून वेगवेगळ्या जमिनींत उगवण वेगळी होत असेल, तर सरासरी काढून बीजाला वांझ ठरवणे हा उतावीळपणा आहे.

उत्तरपक्ष, म्हणजे खंडनानंतर स्थापित करायचे मत, इथून सुरू होतो. वर्धिष्णू मनोवृत्ती ही एकट्या माणसाने मनात उत्पन्न करायची गोष्ट नसून विशिष्ट प्रकारच्या कामातून आणि सोबतीतून मागाहून येणारा निष्कर्ष आहे. याचा उत्तम दाखला अमेरिकी गणितज्ञ यूरी ट्राइसमन यांच्या कामात सापडतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी, शाळेत अव्वल असूनही, कलनशास्त्रात नापास होत होते, आणि प्राध्यापकवर्ग त्याचे कारण त्यांची इच्छाशक्ती, पूर्वतयारी किंवा घरची परिस्थिती यांत शोधत होता. ट्राइसमन यांनी मुलांचा अभ्यास प्रत्यक्ष जवळून पाहिला, तेव्हा ही कारणे टिकली नाहीत: ही मुले मेहनत भरपूर करत, पण एकेकटी, चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत. या फरकाचे महत्त्व केवळ अभ्यासाच्या सोयीपुरते नाही. गटात बसणाऱ्याला कळते की अमुक गणित सगळ्यांनाच अडले आहे. एकट्याला अडचण गणितात आहे की आपल्यात, हे ठरवायला काही साधनच नसते, आणि मग तो दोष स्वतःकडे घेतो. ट्राइसमन यांनी काढलेल्या कार्यशाळेत मागे पडलेल्यांसाठीची सोपी उजळणी नव्हती. नेहमीपेक्षा अवघड गणिते होती आणि ती गटात सोडवायची होती. सहभागी विद्यार्थ्यांच्या श्रेणी लक्षणीयरीत्या सुधारल्या. तिथे मनोवृत्तीवर व्याख्यान कोणी दिले नव्हते.

असेच एकटेपण आपल्याकडेही दिसते. महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी विज्ञानाला जाणाऱ्या विद्यार्थ्यावर इंग्रजी माध्यम आणि गणिताची मोठी उडी एकाच वेळी येऊन आदळते. न कळलेले विचारले तर भाषाही उघडी पडेल या धास्तीने तो वर्गात गप्प बसतो, घरी एकटाच झगडतो, आणि ‘आपल्याला गणित जमतच नाही’ असे त्याचे मत बनते. अशा मुलांसाठी आत्मविश्वासावर व्याख्यान ठेवणे सोपे असते. त्यांना चार-चारच्या गटांत बसवून, मराठीत बोलण्याची मोकळीक देऊन अवघड उदाहरणे सोडवायला लावणे, चुकलेली पायरी दाखवून तेच उदाहरण पुन्हा करवून घेणे आणि दुसऱ्या प्रयत्नाचे गुण धरणे, याला शिक्षकाचे तास लागतात.

अभ्यासक्रम पुरा करतानाच दमछाक होते, त्यात हे कधी बसवायचे, असा शिक्षकांचा सवाल असतो आणि तो रास्त आहे. पण तसे असेल तर दुखणे वेळापत्रकाचे आणि वर्गातील पटसंख्येचे आहे. त्याची नोंद मुलांच्या मनोवृत्तीच्या खाती करण्याचे कारण नाही.