घरसंसार : उभ्या गाडीची बॅटरी



भाट्याचा पूल ओलांडून आले की वाडीवाडीत आता एखाद्या घरापुढे जुनी ओमनी किंवा छोटा टेम्पो दिसतो. मुलगा मुंबईला कामाला, गाडी गावी. उन्हाळ्यात लग्नसराई, बुद्धजयंती, किनाऱ्यावरचे पाहुणे. गाडीला उसंत नसते. मृग लागला की ताडपत्री घालून ती मांगरात उभी करायची, ती पार वर्षावास संपेपर्यंत. आम्हीही तेच करत होतो.

एका श्रावणात रात्री अकराला शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. गाडी दारात, टाकीत तेल, पण चावी फिरवली तर नुसता 'टक' असा आवाज. चौघांनी भर पावसात ढकलली, तरी सुरू झाली नाही. शेवटी रत्नागिरीहून रिक्षा आली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तो पाऊण तास आम्ही विसरलेलो नाही. चूक आमचीच होती.

बंद गाडीतही घड्याळ, रेडिओ, चोरघंटी थोडा थोडा करंट ओढत असतात. हा ओढा ५० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अशाने महिन्याभरात रिकामी होते. काही जोडलेले नसले तरी बॅटरी आपसूक हळूहळू उतरते, आणि उष्म्याने अधिक लवकर उतरते. उतरलेली तशीच ठेवली की आतल्या शिशाच्या प्लेटींवर क्षाराचा थर कडक होतो. मग ती चार्ज धरत नाही आणि नवीन घेण्यावाचून इलाज राहत नाही. कष्टाचे काही हजार रुपये असे जातात.

म्हणून गाडी उभी करण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी. नंतर काळी, म्हणजे वजा खुणेची वायर आधी सोडावी. जोडताना ती शेवटी जोडावी. लाल वायर आधी सोडली आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून वर व्हॅसलीन लावावे. आपल्याकडची हवा खारी, त्यामुळे हे टाळू नये. बुचांची बॅटरी असेल तर प्लेटी बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी चालत नाही.

दर महिन्याला मीटर लावून पाहावे. काही तास स्वस्थ राहिलेली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी, १२.० म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली. रोज पाच मिनिटे इंजिन चालवून भागेल असे पुष्कळांना वाटते, पण स्टार्टर जेवढे खातो तेवढे त्या पाच मिनिटांत भरून येत नाही. अडीअडचणीला गाडी लागणार असेल तर पाना बॅटरीजवळच टांगून ठेवावा. वायर जोडायला दोन मिनिटे पुरतात.

चार्जिंग मोकळ्या हवेत करावे. त्या वेळी पेट घेणारा वायू निघतो, म्हणून बिडी, दिवा, चूल जवळ नको. ॲसिड अंगावर वा डोळ्यांत उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि डोळ्यांसाठी डॉक्टर गाठावा. निकामी बॅटरी जाळ्याच्या शिशासाठी घरी फोडू-वितळवू नये. शिशाची धूळ आणि धूर मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतात. जुनी बॅटरी दुकानात परत द्यावी. नवीन घेताना तिचे पैसे वजा होतात.

पुरुषमाणसे मुंबईला असतात, तेव्हा हे काम घरातल्या सासू-सुनांनी, मुलींनी शिकून घ्यावे. आमच्या घरी आता दर पौर्णिमेला विहारातून वंदना करून आल्यावर थोरली सूनबाई मीटर लावते आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवते. तथागतांनी शिकवलेला अप्रमाद म्हणजे सावधपण, ते पान्या-मीटरलाही लागू आहे. पुन्हा कुणा लेकीसुनेला भर पावसात दारात ताटकळावे लागू नये, एवढीच इच्छा.

भवतु सब्ब मंगलम्.