वारा पडला की

चाळिशी उलटल्यावर मी काइटबोर्डिंग शिकायला गेलो, तेव्हा अम्मी म्हणाली, "या वयात पतंग?" तिला कसं सांगणार, हा संक्रांतीचा पतंग नव्हे. नऊ ते बारा चौरस मीटर कापड, वीसेक मीटर लांब दोऱ्या, आणि तो ओढतो आपल्याला.

गोव्यात मोरजी-आश्वे किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे दुपारी खारा वारा चांगला वाहतो. संध्याकाळी तो पडतो आणि पतंगही पडतो. दुसऱ्याच वर्षी मी असा भर पाण्यात अडकलो. किनाऱ्यावरची माणसं दिसत होती. वाटलं, पतंग सोडून पोहत जाऊ.

हाच विचार जीव घेतो. डोळ्यांना जवळ वाटणारा किनारा हातांना दूर असतो, आणि पाण्यातलं एकटं डोकं बोटीवरून दिसत नाही. फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी 1984 साली हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट घेतलं, ते तो पाण्यावर तरंगावा म्हणूनच. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत जहाजावर नोकरी केलेला एक तरी चाचा असतो. माझ्या चाचांचं सांगणं होतं, तरंगणारी वस्तू हातची सोडायची नाही.

मग शिकवलेलं आठवलं. क्विक रिलीज ओढून पतंगाचा जोर काढायचा. सेफ्टीची दोरी आधी बारवर गुंडाळून गाठीनं अडकवायची, म्हणजे पतंग पुन्हा जोर धरत नाही. मग बाकीच्या दोऱ्या गुंडाळत पतंगापर्यंत पोचायचं. दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही. वारा परत आला तर बोटं जातील. पुढच्या नळीतली हवा तशीच ठेवायची, पतंगाचं टोक धरून त्याचं शीड करायचं आणि किनाऱ्याकडे वाहत जायचं.

माझी तक्रार आहे ती इथे. हे सगळं मला एकदाच शिकवलं, तेही गुडघाभर पाण्यात. पुढे कुणीच सराव करत नाही. उड्यांचे व्हिडिओ सगळे काढतात, पतंगाला धरून परत येणं मात्र कमीपणाचं वाटतं. म्हणून लोक हात हलवत मच्छीमारांच्या होडीची वाट बघतात. त्यांचं डिझेल, त्यांची जाळी, त्यांची संध्याकाळ. आपला फक्त शौक. खरंच जीवावर बेतलं तर दोन्ही हात हलवावेतच, लाज धरू नये. पण दरवेळी त्यांना गृहीत धरायचं?

मतलई वाऱ्याची गोष्ट वेगळी. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा शीड केलेला पतंगही खोल समुद्रातच नेणार. मदतीची बोट नसेल तर त्या वाऱ्यात उतरूच नये, मग मित्र काहीही म्हणोत.

या हंगामात पहिल्याच दिवशी मी खोल पाण्यात मुद्दाम पतंग पाडला. परत यायला पाऊण तास लागला. मी बुडतोय समजून एक होडीवाला निघाला होता, त्याला ओरडून थांबवावं लागलं. नंतर किनाऱ्यावर त्यानं मला बऱ्याच शिव्या दिल्या.